पाहणीला रात्री या

बेघर मुलांच्या व्यसनप्रतिबंधासाठी अनुदानाच्या अर्जांची छाननी करणारे, पाहणीला जाणारे आणि शिफारस करणारे सर्व अधिकारी व समिती-सभासद यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

आमच्या केंद्राची पाहणी झाली ती एका बुधवारी, सकाळी साडेअकराला. खोली झाडून सतरंज्या घातल्या होत्या, भिंतीवर तक्ते लावले होते, रजिस्टरं टेबलावर ओळीनं मांडली होती. पाहणीला आलेले साहेब सज्जन होते. त्यांनी बूट बाहेर काढले, कागद एकेक करून वाचले आणि मग विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

मुलं झोपली होती. कुठे झोपली होती तेही आम्हाला ठाऊक होतं. दोघं पुलाखालच्या कठड्यावर, चार-पाच जण फलाटाच्या टोकाला पार्सलच्या पोत्यांआड, एक जण आईच्या हातगाडीखाली. रात्रभर जागलेलं मूल सकाळी साडेअकराला झोपलेलंच असणार. साहेबांनी मान डोलावली आणि अहवालात एक ओळ लिहिली: निरीक्षणाच्या वेळी लाभार्थी आढळले नाहीत. त्या ओळीत खोटं काही नव्हतं. त्या वर्षी आमची शिफारस झाली नाही.

कार्यालयाचं नाव मी लिहिणार नाही, साहेबांचंही नाही. ते नेमून दिलेल्या वेळी आले, छापील तक्त्यातली प्रत्येक चौकट त्यांनी भरली. माझं म्हणणं त्या वेळेबद्दल आणि त्या चौकटींबद्दल आहे, आणि त्या तुमच्यासारख्या अनेकांच्या सहीनं ठरतात. म्हणून हे पत्र एका टेबलावर न पाठवता उघड लिहिते आहे.

मी इंदूरला रामबागेत राहते. बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा कर्जविभागात. निवृत्त झाल्यापासून एका छोट्या संस्थेचे हिशोब बघते. संस्थेत पगारी माणसं चार, आपखुशीनं येणारे आम्ही सहा-सात. स्टेशन, सरवटे बस स्टँड आणि सियागंज या पट्ट्यात आमची माणसं रात्री सव्वानऊ ते दीड फिरतात. मी आठवड्यातून दोन रात्री जाते. आधी फक्त पावत्या तपासायला जायची. आता मुलांना माझं तोंड ओळखीचं झालं आहे आणि ती मला अम्मा म्हणतात.

हिशोबाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. सरकारी पैसा म्हणजे लोकांचा पैसा, त्याची पै न् पै कागदावर दिसली पाहिजे. ज्या गावात अहिल्याबाईंनी राज्याचा खजिना आणि खासगीचा खजिना यांची वही वेगवेगळी ठेवली त्या गावात वाढलेल्या बाईला हिशोबाचं महत्त्व कोणी शिकवायला नको. पण बँकेत आम्हाला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवली होती: ज्याचा धंदा ज्या वेळी चालतो त्या वेळी जाऊन बघायचा. भाजीच्या आडत्याला कर्ज द्यायचं तर आम्ही पहाटे चोइथराम मंडीत जात होतो, कारण दुपारी तिथे रिकामी पोती आणि गाई. सराफ्यात रात्री बसणाऱ्या चाटवाल्याची पाहणी भर दुपारी करून बघा. तुम्हाला सोन्याचांदीची दुकानं दिसतील, तळलेल्या कंदाची, गराडूची कढई दिसणार नाही. म्हणून का कोणी म्हणेल की सराफ्यात चाट मिळत नाही?

रात्री साडेनऊनंतर आमच्या पट्ट्यात काय असतं ते थोडं सांगते. बहुतेक मुलं आठ ते सतरा वर्षांची. काही एकटी आलेली, काहींचे आईबाप इथेच फुटपाथवर, काही दिवसभर बाटल्या वेचून रात्री वस्तीत परतणारी. सगळ्यांना एकच 'बेघर' शब्द लावून चालत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या कार्यपद्धतीतही रस्त्यावरच्या मुलांचे असे वेगवेगळे गट केले आहेत, ते बरोबरच आहेत. यातल्या निम्म्याअधिक मुलांच्या मुठीत रुमाल असतो. रुमालात पंक्चरचं सोल्युशन. मुलं त्याला सुलेशन म्हणतात. कधी थिनर, कधी व्हाइटनर, जे हाती लागेल ते.

बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या विक्रीवर केंद्र सरकारनं २०१२ मध्ये बंदी आणली, ते चांगलंच झालं. पण पंक्चरच्या सोल्युशनवर बंदी कशी घालणार? गल्लोगल्ली सायकलवाल्याला ते लागतंच. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात ते बसत नाही, त्यामुळे पोलिसांच्या लेखी हा नशाच नसतो. त्यातला टोल्युइन नावाचा उडून जाणारा द्रव श्वासाबरोबर थेट मेंदूत जातो. झिंग काही मिनिटांतच उतरते, म्हणून पुन्हा पुन्हा हुंगावं लागतं. भूक मरते, थंडी वाजत नाही, मार लागलेला जाणवत नाही. हुंगल्यानंतर मूल घाबरून एकदम पळालं तर हृदयाची लय बिघडून जागच्या जागी दगावू शकतं. अचानक टॉर्च मारू नका, ओरडू नका, असं आम्ही गस्तीवाल्यांना हात जोडून सांगतो ते यासाठी.

हा काही आमच्या पट्ट्यापुरता प्रश्न नाही, आणि सरकारला माहीत नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०१६ च्या निकालात मुलांमधल्या व्यसनांची देशव्यापी पाहणी करायला आणि राष्ट्रीय आराखडा आखायला सांगितलं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हुंगण्याच्या पदार्थांचा आकडा तेवढा उलटा आला: प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. बाकी कुठल्याही नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नाहीत, या एकात आहेत. ४.६ लाख मुलांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे असा त्या अहवालाचा अंदाज.

आणि ही पाहणी कशी झाली ते बघा. देशभरातली २ लाखांवर घरं निवडली आणि घरोघर जाऊन पावणेपाच लाखांच्या आसपास माणसांना प्रश्न विचारले. व्यसनात पुरत्या अडकलेल्यांसाठी आणखी एक वेगळी पाहणी झाली, पण मुलांचा हा टक्का आला तो घरांमधून. ज्याला घरच नाही ते मूल घरांच्या पाहणीत येणार कुठून? त्याआधी २०१३ मध्ये बाल आयोगासाठी एम्सनंच व्यसन करणाऱ्या ४,०२४ मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात सुमारे ३५ टक्के मुलं हुंगणारी निघाली. म्हणजे आपल्याजवळचे मोठे आकडेसुद्धा आमच्या मुलांच्या बाबतीत कमीच असण्याचा संभव आहे. मोजणीतून सुटलेलं मूल अनुदानातूनही सुटतं, कारण अर्जात पहिला रकाना 'क्षेत्रातील गरज, आकडेवारीसह' असा असतो.

आता अनुदान मिळतं कसं, ते वाचकांसाठी सांगते. तुम्हाला ते पाठ आहे, पण आमच्या मराठी घरांमधून देणगी देणाऱ्यांना, "सरकार एवढा पैसा देतं, मग तुम्ही आमच्याकडे का येता?" असं विचारणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. १९८५-८६ पासून व्यसनप्रतिबंधासाठी संस्थांना पैसे देण्याची केंद्राची योजना होती. पुढे ती मादक पदार्थांची मागणी घटवण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्याखाली आली. १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झालं. संस्थेनं आधी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करायची, मग ई-अनुदान पोर्टलवर अर्ज भरायचा. नोंदणीचं प्रमाणपत्र, मागच्या वर्षांचे तपासलेले ताळेबंद, कार्यकारिणीची यादी, जागेचा करारनामा, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक पात्रता. जिल्ह्यातून पाहणी होते, राज्याकडून शिफारस जाते, दिल्लीत मंजुरी होते. पैसे हप्त्यांनी येतात. वर्ष संपलं की सी.ए.च्या सहीनं विनियोग प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे यूसी म्हणतो, ते फॉर्म १२-ए मध्ये द्यायचं, मग पुढचं.

यातला एकही कागद मला अनावश्यक वाटत नाही. या सगळ्या कागदांमधून संस्था कागद करण्यात किती तयार आहे ते उत्तम कळतं. सरवट्याच्या मागल्या बाजूला रात्री बारा वाजता एखादं मूल तिच्या माणसाला हाक मारून जवळ येतं का, ते मात्र एकाही कागदातून कळत नाही. आणि या कामात तेवढंच कळायला हवं.

समग्र आयडीचं, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख-क्रमांकाचंच बघा. मध्य प्रदेशात राहणाऱ्याला हे सांगायला नको: रेशनपासून शाळेपर्यंत सगळीकडे समग्र लागतो, आणि तो मिळतो कुटुंबाच्या आयडीखाली. घर सोडून पळालेल्या मुलाचं कुटुंब कुठलं लिहायचं? एका देणगीदार संस्थेनं आमच्याकडे लाभार्थ्यांची यादी मागितली, प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या नंबरासह. आमच्या एका मुलाची आमच्याच रजिस्टरात तीन नावं होती. पहिलं त्यानं भीतीनं सांगितलं, दुसरं एका सिनेमातलं, तिसरं सात महिन्यांनी, एका रात्री ताप आला तेव्हा, आपणहून. ते खरं होतं. हिशोबनीस म्हणून मला आधीच्या दोन नोंदी खोडाव्या लागल्या आणि आमचे त्या वर्षीचे 'लाभार्थी' कमी झाले. आमच्या दृष्टीनं मात्र ते तिसरं नाव हीच त्या वर्षाची मोठी कमाई होती.

प्रतिबंधाचं माप आणखीच अवघड. व्यसन सुटलेलं मूल दाखवता येतं. जे लागलंच नाही ते कुठल्या रकान्यात दाखवायचं? स्टेशनवर नवं मूल उतरलं की पहिल्या दोन-तीन रात्रींत कोणीतरी त्याच्या हातात रुमाल देतं. ते दुष्टपणानं देतात असंही नाही. थंडी वाजतेय, रडू येतंय, घे, बरं वाटेल. आपल्याला पोचायचं असतं ते त्याच्या आधी. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये, व्यसनाच्या मार्गाला लागण्याची शक्यता असलेलं मूलसुद्धा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांत धरलं आहे. 'शक्यता असलेलं' हे शब्द कायदा करणाऱ्यांनी विचारानं घातले असणार.

असंच एक मूल गेल्या थंडीत बाहेरगावाहून आलेल्या गाडीतून उतरलं. बाराएक वर्षांचं, शाळेच्या स्वेटरमध्ये. आमच्या कार्यकर्त्यानं पहिल्याच रात्री त्याला पाहिलं. शेजारी बसून राहिला, पोहे खाऊ घातले, काही विचारलं नाही. कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत कळवायचं असतं, तसं आम्ही कळवलं. मूल बाल कल्याण समितीपुढे गेलं आणि पाचव्या दिवशी त्याचे काका येऊन त्याला घरी घेऊन गेले. रुमाल त्याच्या नाकाला एकदाही लागला नाही. यापेक्षा चांगलं काम आमच्या हातून वर्षभरात झालेलं नाही. अर्जातल्या तक्त्यात मात्र 'सलग सहा महिने उपस्थित लाभार्थी' असा रकाना होता आणि त्याच्या शेजारी 'मध्येच सोडून गेलेले' असा. ते मूल आम्हाला सोडून गेलेल्यांत लिहावं लागलं. लिहिताना माझा हात जड झाला, हे मी तुम्हाला मनापासून सांगते आहे.

आता त्या कार्यकर्त्याबद्दल. तो स्वतः नऊ-दहा वर्षं याच फलाटांवर वाढला. सुलेशन त्यानं सोडलं त्याला आता सहा वर्षं झाली. मुलं त्याच्याजवळ येतात, कारण त्याला सगळं न सांगता कळतं: कोण आज मार खाऊन आलाय, कोणाला नवा 'दादा' मिळालाय, कोणाचं डोकं दुखतंय आणि का. सरकारच्या आराखड्यात वस्तीतल्या मुलांनीच मुलांना सांभाळण्याचा, सहकारी-मार्गदर्शकांचा कार्यक्रम आहे, १० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी. रस्त्यावर जाऊन भेटण्यासाठी आणि मुलानं मनाला येईल तेव्हा येऊन टेकण्यासाठी ड्रॉप-इन केंद्रांचीही सोय आहे. म्हणजे आराखडा करणाऱ्यांना हे कळलेलं आहे, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अडचण पुढे येते. अर्जाबरोबर कर्मचाऱ्यांच्या पात्रतेचे कागद जोडायचे, आणि याच्याजवळ आठवीची गुणपत्रिकासुद्धा नाही. दुसऱ्या एका संस्थेनं पदवीधर माणसं दाखवली. ती माणसं चांगली असतील, पण ती सहाला घरी जातात.

पैसे उशिरा येण्याचा सगळ्यात मोठा फटकाही अशाच माणसाला बसतो. एका वर्षी एका देणगीचा हप्ता आठ महिने अडकला. मोठ्या संस्थेला ते झेपतं. तिच्याजवळ ठेवी असतात, दुसऱ्या कामातले पैसे फिरवता येतात. जुन्या सरकारी योजनेत तर मंजूर खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच अनुदान मिळे, उरलेला वाटा संस्थेनं स्वतः घालायचा. ज्याच्याजवळ आधीच आहे त्यालाच हे जमणार. आमच्याजवळ काय होतं? मी माझ्या निवृत्तिवेतनातून दोन महिने भागवले, आणखी दोघांनी हातभार लावला, तरी तीन महिने त्या कार्यकर्त्याचा पगार थकला. त्यानं तक्रार केली नाही. एका हॉटेलात रात्रपाळी धरली आणि फलाटावर यायचा बंद झाला. सात आठवडे. तेवढ्यात दोन मुलं पुन्हा सुलेशनवर गेली आणि एक मुलगी कुठे गेली ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. तिचं नाव रजिस्टरात आहे. प्रत्येक महिन्याच्या पानावर मी ते नव्यानं उतरवते आणि पुढची चौकट कोरी ठेवते.

ज्यांच्याजवळ पैसा आणि माणसं आहेत त्या संस्था अर्ज लिहायला बाहेरचा माणूस लावतात. त्यात गुन्हा काही नाही. पण मग स्पर्धा लिहिणाऱ्यांची होते. मी असे दोन अर्ज वाचले आहेत. इतके गुळगुळीत की त्यात एकाही गल्लीचं नाव नव्हतं. इंदूरच्या जागी ग्वाल्हेर किंवा जबलपूर लिहिलं असतं तरी तो अर्ज तसाच चालला असता. आमचा अर्ज मी आणि आमची एक मैत्रीण मिळून हिंदीत लिहितो. त्यात कुठल्या चहाच्या ठेल्यावर कोण जमतं इथपर्यंत असतं, आणि तो भाग 'अनावश्यक तपशील' म्हणून गाळायला सांगितला जातो.

बोगस संस्था असतात, हेही मी जाणते. कामाच्या निमित्तानं माझ्या हाताखालून एक हजेरीपट गेला होता. एकाच शाईचा, एकाच हाताचा, महिन्याचे तीसही दिवस ४० हजर. दिवाळीच्या दिवशीही ४०. तो हजेरीपट दिवसाच्या पाहणीत पास झाला होता, कारण त्या दिवशी कुठूनतरी ४० मुलं आणून बसवली होती, आंघोळ घातलेली, भांग पाडलेली. तुम्हाला कडक पाहणी करायची असेल तर मी तुमच्याच बाजूची आहे. पण चोराला दिवसाची पाहणी सोयीची आणि खऱ्याला गैरसोयीची, असं का असावं?

दुसरीकडे काय करतात म्हणून मी थोडं वाचलं. अमेरिकेत घर सोडून गेलेल्या मुलांसाठी १९७४ मध्येच वेगळा कायदा झाला, बेघर मुलंही नंतर त्यात आली. पुढे १९८८ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात याच मुलांच्या व्यसनप्रतिबंधासाठी स्वतंत्र अनुदान ठेवलं गेलं. कशासाठी ते मिळेल तेही लिहिलं: मुलाचं, कुटुंबाचं आणि गटाचं समुपदेशन, मुलांनी मुलांना आधार देण्याचे कार्यक्रम, वस्तीतलं लोकशिक्षण, खेड्यापाड्यातल्या अशा मुलांना मदत, काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण. आणि अर्जदारांत प्राधान्य कोणाला? ज्या संस्थांना घर सोडलेल्या आणि बेघर मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव आहे त्यांना. व्यसनमुक्तीचा सर्वसाधारण अनुभव पुरेसा धरलेला नाही, या मुलांचा अनुभव हवा. तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, त्यांच्या शहरांतले रस्ते आपण बातम्यांत बघतोच. पण ते एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं. आपल्या निकषांत असं वाक्य घालायला कोणाचा एक रुपया लागणार नाही.

आणि निकष ठरले की ते गुणांसकट आधी छापा. कशाला किती गुण, हे अर्ज भरण्याआधी कळू दे. आमचा अर्ज नाकारला गेला तेव्हा मी माहिती अधिकारात कारण विचारलं. उत्तर आलं: 'प्रस्तावाची शिफारस करण्यात आलेली नाही.' हे कारण झालं का? तो तर निर्णय झाला. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४(१)(घ) मध्ये, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण कळवणं हे कार्यालयाचंच कर्तव्य म्हटलं आहे. त्यासाठी दहा रुपये भरून अर्ज करायची वेळ यायलाच नको. त्याच कलमात, अनुदानाच्या योजनांमधून कोणाला किती पैसे दिले ते आपणहून प्रसिद्ध करायला सांगितलं आहे. तशी यादी जिल्हावार, दर वर्षी, हिंदीत, कार्यालयाच्या भिंतीवर लागली तर निम्म्या शंका तिथेच मिटतील. नाकारलेला अर्ज कुठे कमी पडला हे कळलं असतं तर आम्ही पुढच्या वर्षी ते सुधारलं असतं. आम्ही तोच अर्ज दोनदा भरला, कारण काय बदलायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मोजणीही बदलता येईल. किती मुलं यापेक्षा किती रात्री काम केलं ते विचारा. वर्षातल्या ३६५ पैकी किती रात्री तुमचा माणूस त्या जागेवर होता, किती नव्या मुलांना पहिल्या तीन रात्रींत गाठलं, त्यातली किती बाल कल्याण समितीपुढे गेली, किती घरी पोचली. यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. चहावाला सांगतो, फलाटावरचा हमाल सांगतो, रात्रपाळीचा शिपाई सांगतो. बँकेत आम्ही याला शेजारपाजारची चौकशी म्हणत असू, आणि ती ताळेबंदापेक्षाही कमी चुकत असे.

मंजूर झालेल्या पहिल्या हप्त्यातून निदान रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाचा सहा महिन्यांचा पगार आगाऊ येऊ दे. इमारतीचा खर्च थांबला तर थांबेल, पंखा पुढच्या वर्षी घेऊ. माणूस थांबला की मूल त्याची वाट बघत नाही.

आमच्या मराठी मंडळींनाही, पत्र वाचताय तर, एक सांगायचं आहे. आपलं शहर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं येत गेलं याचा मलाही अभिमान आहे. मी स्वतः ओला-सुका वेगळा करते, कचरागाडीची गाणी ऐकू आली की धावत खाली जाते. पण कुठला मोठा सोहळा असला, पाहुणे यायचे असले की ही मुलं नेहमीच्या जागांवरून हलतात. कोण हलवतं, कसं, ते मी इथे लिहीत नाही. ती गावाबाहेर, मालगाड्या थांबतात तिकडे जातात, आणि तिथे त्यांना शोधायला आमच्या माणसांना आठवडा लागतो. तो आठवडा सुलेशनवाल्याचा असतो. सणाला साड्या-मिठाई घेऊन तुम्ही येता, मुलं खूश होतात. त्याऐवजी, जमलं तर, एका माणसाच्या एका महिन्याच्या रात्री उचला. सरकारी हप्ता येईपर्यंत तेवढं पुष्कळ होईल.

यंदा आम्ही पुन्हा अर्ज भरतो आहोत. पुन्हा पाहणी होईल. पाहणीला कोण येणार ते आम्हाला ठाऊक नाही, पण जे कोणी येतील त्यांना ही विनंती आधीच पोचावी म्हणून लिहिते. सकाळी या, रजिस्टरं बघा, खतावणी बघा, एकेक पावती उलटी-सुलटी करून बघा, मी समोर बसून दाखवीन. आणि त्याच दिवशी रात्री पुन्हा या. सव्वानऊला आम्ही सरवटे बस स्टँडसमोर जमतो, तिथून पायी निघतो. गाडी लांब उभी करा, वरचा दिवा किंवा पाटी असेल तर नक्कीच, कारण ती दिसली की मुलं पांगतात. साधे कपडे घाला. हातात फाईल नको. पहिला अर्धा तास कोणाला काही विचारू नका, नाव तर मुळीच नको. ती तुम्हाला लांबून बघतील, मग एखादं जवळ येऊन विचारेल, "अम्मा, ये कौन हैं?" मी सांगेन की आपल्याकडचे पाहुणे आहेत. त्यानंतर ती तुमच्याशी बोलतील.

थंडीचे दिवस आहेत, कानटोपी आणा. चहा आमच्याकडे असतो.

आपली,
रामबागेतली एक निवृत्त बँक कर्मचारी
इंदूर